उजेडावर चालणारा कारकून

भोर हे गाव मूळचेच हिशेबाचे. अष्टप्रधानांतील सचिव, म्हणजेच सुरनीस, यांच्याकडे राजपत्रांची शुद्धाशुद्धता पाहण्याच्या कामाबरोबर महाल-परगण्यांच्या हिशेबांची तपासणीही असे. आणि छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात हे पद ज्यांच्याकडे आले त्या शंकराजी नारायण यांच्या वंशाकडेच पुढे भोरचा मुलूख राहिला असल्यामुळे, 8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन होईपर्यंत, पंतसचिवांच्या दप्तरात जमाबंदीचे, रोजकीर्दीचे, खतावणीचे आणि तेरजेचे कागद पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. नीरेच्या आणि वेळवंडीच्या खोऱ्यांतला भात, नाचणी आणि वरई यांचा वसूल किती, बाकी किती, सूट किती, हे ज्या कारकुनांनी बोरूने मांडले त्यांच्या हाताशी तोंडपाठ पाढ्यांखेरीज दुसरे साधन नव्हते.

आज तो हिशेब दप्तरातून बाहेर पडून घरोघर गेला आहे. भोरच्या बाजारपेठेतील किराणा दुकानाचा गल्ला, वेल्ह्याची भातगिरणी, राजगड उतरून आलेल्या भुकेल्या मंडळींना पिठले-भाकरी वाढणारी गुंजवणे किंवा पाली येथील एखाद्या घराची ओसरी, नसरापूरकडे भाजी घेऊन जाणाऱ्या टेम्पोची पुढची फळी, महिला बचत गटाची मासिक बैठक, अशा नाना ठिकाणी एक वस्तू हमखास दिसते: वहीच्या निम्म्या आकाराचे, वापरून कळांवरचे अंक पुसट झालेले आणि माथ्यावर काळसर तपकिरी काचेची पट्टी असलेले गणकयंत्र. त्याला सारे कॅल्क्युलेटरच म्हणतात, आणि विकत घेताना दुकानदाराला ‘सोलरचा की सेलचा’ एवढेच विचारतात. प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आला, त्यात हिशेबाची सोय आली, तरी हे यंत्र गल्ल्यावरून हटलेले नाही. ते का हटले नाही आणि ते नीट वापरायचे कसे, या दोन प्रश्नांचा विचार करण्याजोगा आहे. कारण या यंत्राशी आपला परिचय जितका जुना तितकाच वरवरचा आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रथम जुनी पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. या मापांत व्यवहार करणाऱ्या माणसाला तिसांपर्यंतचे पाढे तर यावेच लागत, पण त्यांखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत असावे लागत. सव्वा रुपया पायली या दराने सव्वासात पायल्या धान्याची किंमत काढावयाची असेल तर जुना वाणी म्हणे: सात सव्वा पावणेनऊ, म्हणजे आठ रुपये बारा आणे, सव्वा रुपयाचा पाव हिस्सा पाच आणे, एकूण नऊ रुपये एक आणा. कागद नाही, पाटी नाही, आणि उत्तरात एका पैचीही तफावत नाही. हेच गणित आजच्या यंत्रावर मांडले तर 9.0625 असे उत्तर येते. ते अचूक असले तरी शेवटचे 0.0625 म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, अर्थात एक आणा, हे त्याला कोण सांगणार?

हा मुद्दा मी गतकाळाचे गोडवे गाण्यासाठी काढलेला नाही. आण्या-पैंच्या राज्यात हे यंत्र आले असते तर ते निरुपयोगी ठरले असते, एवढेच दाखवावयाचे आहे. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि खिशात मावणारी यंत्रे त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी जगात अवतरली. यंत्राला जी एकच दशमान भाषा कळते ती देशाने यंत्र येण्यापूर्वीच सरकारी हुकमाने आत्मसात केली होती. औटकी विसरणाऱ्या पिढीला पुष्कळांनी नावे ठेवली. परंतु औटकीचे प्रयोजनच संपले होते, ते यंत्रामुळे नव्हे, वजनमापांच्या कायद्यामुळे.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1954 साली सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट तयार झाला. अंगावर पडलेल्या प्रकाशातील शेकडा सहाच्या आसपास ऊर्जेची तो वीज करी. 1971 साली जपानच्या बिझिकॉम कंपनीने खिशात मावणारे गणकयंत्र काढले, पण त्यातील तांबडे चमकते अंक विजेचे मोठे भोक्ते होते. 1973 साली शार्प कंपनीने स्वतः न चमकणाऱ्या, केवळ बाहेरच्या प्रकाशात दिसणाऱ्या द्रवस्फटिकाच्या अंकांचे यंत्र आणले, आणि एका साध्या पेन्सिल सेलवर ते शंभर तास चालू लागले. 1976 साली त्याच कंपनीचे सौरघट बसवलेले यंत्र आले. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि रॉन्स्की या दोघा संशोधकांनी एका निराळ्याच, अस्फटिक सिलिकॉनच्या पातळ थराचा सौरघट जाहीर केला. त्याची कार्यक्षमता शेकडा अडीचही नव्हती. इतक्या दुबळ्या घटाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणालाही पडला असता. जपानच्या सान्यो कंपनीने 1980 साली तो घट गणकयंत्रावर बसवून त्या प्रश्नाचे उत्तर दिले.

त्या उत्तराचे मर्म वेल्ह्यासारख्या मुलखात जितके प्रत्ययास येते तितके उन्हाळ प्रदेशात येणार नाही. वेल्हे तालुका, ज्याचे नाव शासनाने आता राजगड तालुका असे केले आहे, तोरणा आणि राजगड यांच्या सावलीत, सह्याद्रीच्या ऐन कण्याला टेकून बसला आहे. आषाढ-श्रावणात तेथे सूर्यदर्शन दुर्मीळ होते, वादळवाऱ्याने तारा तुटून वीज जाते, कौलारू घराच्या माजघरात भरदुपारी दिवेलागणीची वेळ भासते. सौरशक्तीवर चालणारे यंत्र अशा ठिकाणी पांगळे ठरावे असे सकृद्दर्शनी वाटते, आणि प्रत्यक्षात मात्र ते बिनतक्रार चालते. भर उन्हात उघड्यावर प्रकाशाची मात्रा सुमारे एक लाख लक्स असते. दाट ढगांच्या दिवशी ती घसरून दोन-चार हजारांवर किंवा त्याहूनही खाली येते. आणि यंत्राला लागतात साधारण पन्नास लक्स, म्हणजे खिडकीपासून थोड्या अंतरावर पुस्तक वाचता येईल न येईल इतपत उजेड. याची कारणे दोन. पहिले असे की, बेरीज-वजाबाकी करणारी चकती आणि द्रवस्फटिकाचे अंक मिळून काही मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचे काही दशलक्षांश एवढीच वीज खातात. दुसरे कारण त्या अस्फटिक थरात आहे. छपरावर बसवतात त्या स्फटिकी सिलिकॉनच्या तावदानास कडक ऊन मानवते, पण मंद उजेडात त्याचा विद्युत्‌दाब ढासळतो. अस्फटिक सिलिकॉन उन्हात त्याच्यापुढे फिके पडत असले तरी ट्यूबलाइटच्या किंवा पावसाळी खिडकीच्या उजेडात आपला दाब टिकवून धरते, कारण माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाशीच त्याचे विशेष जुळते. पट्टीकडे निरखून पाहिले तर तिच्यावर उभ्या बारीक रेघा दिसतात आणि तिचे बहुधा चार भाग पडलेले आढळतात. ते चार निराळे घट असून, एकट्याने अर्ध्या व्होल्टच्या आसपास जोर असलेले हे घट एकापुढे एक जोडून यंत्रापुरता दाब साधलेला असतो. त्यांतील एका घटावर बोट ठेवले तरी अंक फिके पडतात, कारण साखळीतील एक कडी अडली की सबंध प्रवाह अडतो. यंत्र हातात धरताना अंगठा पट्टीवर येऊ देऊ नये ही साधी गोष्ट यावरून समजावी.

निव्वळ उजेडावर चालणाऱ्या यंत्राचा एक दोष मात्र पदरात घ्यावा लागतो. दुकानात मध्येच अंधारून आले, किंवा कोणी पट्टीवर वही ठेवली, तर अंकांबरोबर स्मृतीत साठवलेली बेरीजही नाहीशी होते. म्हणून व्यवसायासाठी घ्यावयाचे यंत्र दुहेरी शक्तीचे, म्हणजे सौरपट्टीच्या जोडीला बटणसेल असलेले घ्यावे. उजेड असेपर्यंत सेलवर भार कमी पडतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. बाजारात अशीही स्वस्त यंत्रे मिळतात की ज्यांच्या माथ्यावरील पट्टी केवळ शोभेची असते: काळे प्लास्टिक, त्यावर छापलेल्या रेघा, आणि सारा कारभार सेलवर. परीक्षा सोपी आहे. पाठीवरचा स्क्रू सैल करून सेल काढावा आणि यंत्र खिडकीशी धरावे. चालले तर पट्टी खरी. दुकानदार अशी परीक्षा करू देण्यास नाखूश असेल तर दुसरे दुकान पाहावे. कोकणच्या तोंडाशी असलेल्या या पट्ट्यात कळांखाली दमट हवा शिरते, गिरणीत कोंडा शिरतो, आणि मग एक कळ दाबली असता अंक दोनदा उमटतो किंवा उमटतच नाही. पावसाळ्यात यंत्र झाकण असलेल्या डब्यात ठेवावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पट्टी कोरड्या फडक्याने पुसावी, एवढी देखभाल त्याला पुरते.

आता वापराकडे वळू. आणि येथेच माझा मुख्य आक्षेप आहे, तो यंत्रावर नव्हे, आपल्यावर. हे यंत्र म्हणजे एक अत्यंत आज्ञाधारक कारकून आहे; जसे सांगाल तसे, ज्या क्रमाने सांगाल त्या क्रमाने, न विचारता करणारा. 50 रुपयांचे मीठ-मसाले आणि 40 रुपयांचे तीन नारळ, असे देणे असता एखाद्याने गल्ल्यावरील यंत्रावर 50 + 3 × 40 अशा कळा दाबल्या तर उत्तर येते 2,120. कारण पन्नासात तीन मिळवताच त्याने त्रेपन्न केले आणि त्या त्रेपन्नांस चाळिसाने गुणले. भ्रमणध्वनीवरील बहुतेक गणकांत याच कळा दाबल्या तर 170 येतात, कारण शाळेत शिकवलेला ‘आधी गुणाकार-भागाकार, मग बेरीज-वजाबाकी’ हा नियम त्यांना पढवलेला असतो. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने खरी आहेत. साध्या यंत्रावर गुणाकार अगोदर उरकून बेरीज मागाहून करावी, म्हणजे 3 × 40 + 50, हा उपाय. आणि बाबी अनेक असतील तर स्मृतीच्या कळा वापराव्यात, हा त्याहून चांगला उपाय.

त्या कळांकडे, म्हणजे एम अधिक, एम उणे आणि एमआर यांच्याकडे, आश्चर्य वाटावे इतके दुर्लक्ष होते. बचत गटाचेच उदाहरण घ्या. बारा जणींची प्रत्येकी 200 रुपये बचत: 12 × 200, एम अधिक. एकीकडे 12,000 रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन व्याज: 12000 × 2 आणि टक्क्याची कळ, 240, एम अधिक. दुसरीकडे 5,000 रुपये कर्जाचे त्याच दराने 100, एम अधिक. तिघींचा उशिराचा दंड दहा-दहा रुपये: 3 × 10, एम अधिक. शेवटी एमआर दाबले की 2,770 रुपये हा त्या बैठकीचा एकूण जमा आकडा समोर येतो, मधल्या रकमा कागदावर उतरवून पुन्हा बेरीज मांडण्याची यातायात वाचते. मोठ्या यंत्रांवर जीटी नावाची कळ असते. प्रत्येक ‘बरोबर’च्या चिन्हानंतर आलेले उत्तर ती आपल्या खात्यात परस्पर जमा करत जाते. आणि भारतातील दुकानदारांत विशेष चाललेल्या यंत्रांवर ‘चेक’ची कळ असून, मागे दाबलेल्या शंभराहून अधिक पायऱ्या एकेक करून तपासता येतात. सचिवांच्या दप्तरातील तपासनिसाला ही कळ पाहून संतोष वाटला असता.

टक्क्याची कळ मात्र फसवी आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत ती निरनिराळी वागते. नवे यंत्र हाती येताच 100 + 10 आणि टक्का अशा कळा दाबून पाहाव्यात. 110 आले तर ठीक, दुसरे काही आले तर त्या कळेच्या नादी न लागता दहा टक्के वाढीसाठी 1.1 ने आणि दहा टक्के सुटीसाठी 0.9 ने गुणावे. तशीच एक सरकती खिटी बऱ्याच मेजावरच्या यंत्रांच्या माथ्यावर असते आणि तिच्याजवळ एफ, 4, 2, 0 अशी अक्षरे-अंक लिहिलेले असतात. घरातील पोराने खेळताना ती शून्यावर सरकवली की उत्तरातील सारे पैसे लुप्त होतात आणि यंत्र बिघडल्याची हाकाटी होते. खिटी एफवर आणली की ते पूर्ववत होते.

रोजच्या व्यवहारातील निम्म्याहून अधिक गणिते त्रैराशिकाची असतात, ज्याचे विवेचन भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत केले आहे. 80 किलो भात भरडून 52 किलो तांदूळ पडला, तर त्याच प्रतीच्या 1,340 किलो भाताचा किती पडेल? 1340 × 52 ÷ 80, उत्तर 871 किलो. येथे आधी गुणाकार आणि मग भागाकार हा क्रम हेतुपूर्वक ठेवला आहे. तीन खेपांचे भाडे 1,000 रुपये तर नऊ खेपांचे किती, हे विचारताना आठ अंकी यंत्रावर कोणी अगोदर 1000 ÷ 3 केले तर 333.33333 एवढेच अंक मावतात, पुढचे गळून पडतात, आणि नवाने गुणल्यावर 2,999.9999 असा ओशाळवाणा आकडा दिसतो. 1000 × 9 ÷ 3 केले की 3,000 रुपये सरळ पदरी पडतात.

या सर्वांच्या आधी अंदाज हवा. 62 रुपये किलो दराचा 48 किलो तांदूळ म्हणजे साठ गुणिले पन्नास, तीन हजारांच्या आसपास. यंत्राने 2,976 दाखवले तर विश्वास ठेवावा, 29,760 दाखवले तर एक शून्य जास्त दाबले गेले हे तत्काळ ओळखावे. दशांशचिन्हाची चूक तर याहून वाईट, कारण ती दिसत नाही: 2.350 किलो टोमॅटो 40 रुपयांनी 94 रुपयांचे होतात, टिंब एक घर सरकले तर 940 चे. दहावीच्या परीक्षेत मंडळाने गणकयंत्रास मज्जाव केला आहे तो याच कारणाने मला योग्य वाटतो. हा अंदाज बांधण्याची सवय हाताने गणिते केल्यावाचून लागत नाही. परीक्षा संपल्यावर मुलांच्या हाती यंत्र खुशाल द्यावे, आणि देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी शोधलेला खेळ दाखवावा. सगळे सारखे नसतील असे कोणतेही चार अंक घ्या, उतरत्या क्रमाने लावलेल्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करा. 4812 पासून निघाले तर 7173, 6354, 3087, 8352 आणि पाचव्या खेपेस 6174; त्यापुढे तोच आकडा कायमचा. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक वेळी तेथेच पोचावे लागते.

शेवटी जमीन. पुण्याच्या वाढत्या वस्तीमुळे भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत जमिनीचे व्यवहार फार झाले, आणि या व्यवहारात यंत्रापेक्षा यंत्र हाती धरणाऱ्याची कसोटी लागते. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते, बोली मात्र गुंठ्यावर चालते. आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा म्हणजे 33 फूट लांब-रुंद चौरस, अर्थात 1,089 चौरस फूट किंवा 101.17 चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखी असल्यामुळे पुष्कळ लोक आर म्हणजेच गुंठा असे समजून मोकळे होतात. उताऱ्यावर 0 हेक्टर 83 आर असतील तर 83 ÷ 1.0117 करून पाहावे: 82.04 गुंठे, म्हणजे दोन एकर दोन गुंठे आणि वर किंचित. त्र्याऐंशी गुंठ्यांचे पैसे मोजणाराने जवळजवळ एका गुंठ्याचे पैसे फुकट मोजले.

आणि त्या क्षेत्राची तिघा भावांत वाटणी करावयाची झाली तर? जुन्या कागदांत अशा हिश्शाची नोंद रुपयाच्या आण्यांत केलेली आढळते, आणि सोळा आण्यांचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै, असा तो बिनबाकी बसतो. कारण रुपयाच्या 192 पै होतात आणि 192 ला तिहींनी नि:शेष भाग जातो. यंत्र मात्र 1 ÷ 3 केल्यावर 0.3333333 दाखवते, आणि त्याची तिप्पट केली तर 0.9999999 वर थांबते. उरलेला दशलक्षांशाचा दहावा भाग कोणाच्या नावावर चढवायचा हे त्याला ठाऊक नाही. म्हणून क्षेत्र काढण्यापुरते यंत्र वापरावे, 83 ÷ 3 म्हणजे प्रत्येकी 27.67 आर हे समजून घ्यावे, तिघांचे मिळून 83.01 होतात याचीही दखल घ्यावी, आणि वाटणीपत्र लिहिताना मात्र दशांश बाजूस ठेवून प्रत्येकाच्या नावापुढे ‘एक तृतीयांश हिस्सा’ असेच अक्षरी लिहून घ्यावे.